दुसऱ्या टप्प्यातलं पाणी

धुळे, ८ सप्टेंबर १९७४

ती. चुडामणभाऊ यांस,

तुमचं कार्ड मिळालं. त्यात खुशाली विचारलेली नाही, म्हणून मीही लिहीत नाही. "अभिमनचं काय झालं ते क्रमाने लिही, रडगाणं नको," असं तुम्ही म्हटलं आहे. क्रमाने लिहिते.

१. दुष्काळानंतर गेल्या पावसाळ्यात धरण पहिल्यांदा भरलं. कालव्याचं एक दार अर्धवट उघडून अडकलं.

२. दाराशी काय अडकलं आहे ते पाहायला माणूस खाली उतरवायचं ठरलं. पाण्याखाली श्वास घेण्याची साधनं पाटबंधारे खात्याकडे त्याच वर्षी आली होती. सिलिंडरातली हवा तोंडात बेताने सोडणारा रेग्युलेटर मी निवडला होता. त्याची देखभाल माझ्याकडे होती.

३. उतरणारा आपला धाकटा, अभिमन, होता. त्याच रेग्युलेटरवर तो आधी अनेकदा उतरला होता.

४. दसऱ्यानंतर कचेरी उघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो भिंतीच्या कडेने उतरला. कमरेला दोर होता. दोर आमच्या कर्मशाळेतल्या निंबा मिस्त्रींच्या हातात होता. मी शेजारी उभी होते.

५. तळाशी गेल्यावर त्याने दोर एकदा ओढला. म्हणजे ठीक आहे. थोड्या वेळाने दोर ढिला पडला आणि तो एकदम वर आला.

६. वर येताना त्याने श्वास रोखून धरला होता. खोलवर घेतलेली हवा वर येताना फुगते. ती सोडली नाही तर फुप्फुस फाटतं. हे त्याला माहीत होतं. मीच शिकवलं होतं.

७. तोंडात पाणी शिरून ठसका लागल्याशिवाय तो असं करणार नाही. रेग्युलेटरच्या दुसऱ्या टप्प्यात पाणी येत होतं.

८. दवाखान्यात पोचण्याआधी तो गेला.

९. चौकशीत 'उतरणाऱ्याची घाई' असं कारण ठरलं. चौकशी बंद झाली.

सातव्या कलमात पाणी का येत होतं ते मी लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नाही.

वर्षश्राद्धाला तुम्ही येणार आणि "आईसमोर या गोष्टीचा निकाल लावणार" असं कार्डावर आहे. तुम्ही यावं. आईला बरं वाटेल. पण तिच्यासमोर यंत्राचा विषय काढू नका. माझ्यावर जो राग आहे तो मला एकटीला गाठून बोला, मी ऐकून घेईन. आईसमोर नको, एवढंच माझं मागणं आहे.

वच्छला


धुळे, १९ सप्टेंबर १९७४

ती. भाऊ,

चार पानं लिहिलीत. आबा गेले तेव्हाही तुम्ही मुंबईहून एवढं लिहिलं नव्हतं. शिव्या वगळल्या तर तीन मुद्दे उरतात. त्यांची उत्तरं देते.

पहिला मुद्दा निवडीचा. मुंबईच्या व्यापाऱ्याने दोन रेग्युलेटर पाहायला पाठवले होते. एक ठेवायचा, एक परत करायचा. तुम्हाला गोदीत धातूचं शिरस्त्राण घालून उतरायची सवय आहे, हवा वरून पंपाने येते. म्हणून या दोघांतला फरक लिहिते. एकाला दोन जाड पन्हळी नळ्या होत्या. दाब कमी करणारी पेटी पाठीवर, सिलिंडरच्या मानेशी. एका नळीतून हवा तोंडात यायची, दुसरीतून सोडलेला श्वास मागे जायचा. दुसऱ्याला एकच बारीक नळी. त्याचं काम दोन टप्प्यांत चालतं. पहिला टप्पा सिलिंडरवर बसतो आणि दाब बराच उतरवतो. दुसरा टप्पा म्हणजे तोंडाशी धरायची, वाटीएवढी धातूची डबी. श्वास ओढला की डबीतला रबरी पडदा आत ओढला जातो, त्याने तरफ दबते आणि हवा सुटते. सोडलेला श्वास डबीच्या तळाशी असलेल्या पातळ रबरी झडपेतून बाहेर जातो. ती झडप एकाच बाजूला उघडते. हवा बाहेर जाते, पाणी आत येत नाही.

तुम्ही तेव्हा कळवलं होतं, दोन नळ्यांचाच घे, ओळखीचे सगळे तोच वापरतात. मी एका नळीचा घेतला. आपलं पाणी समुद्राचं नाही, गाळाचं आहे. पन्हळी नळीच्या घड्यांत गाळ बसतो आणि धुऊन निघत नाही. बारीक नळी दाराच्या गजांत अडकत नाही. आणि दुसरा टप्पा साध्या पेचकसाने उघडतो, त्याचे रबरी भाग मी इथे धुळ्यात बदलू शकते. दोन नळ्यांच्या यंत्राचं काही बिघडलं असतं तर ते मुंबईला पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली असती. ही कारणं मला आजही चुकीची वाटत नाहीत.

शिवाय दोन्ही अभिमनने देवपुरातल्या विहिरीत उतरून पाहिले होते. दोन नळ्यांचा लावून वर आला तेव्हा म्हणाला, "अक्का, हाई ते हत्तीनी सोंड गळामा घालीसन उतरानं काम शे." मग एका नळीचा लावला. वर येऊन पायरीवर बसला. "हाई बरं शे. चहाना कप तोंडले लायेल वाटस." निंबा मिस्त्री दोर गुंडाळत होते. ते म्हणाले, "चहा पी बेटा, पण खाले जाईसन बशी मांगू नको." दोघं हसत होते. मी म्हटलं, श्वास ओढायला जड जातो की हलका, तेवढं सांग. तो म्हणाला, "तुन्हासंगे बोलानं म्हंजे परीक्षा देवानं काम."

दुसरा मुद्दा देखभालीचा. दर वेळी वापरून झाल्यावर मी पहिल्या टप्प्याच्या तोंडावर टोपण घट्ट बसवायची, म्हणजे धुताना त्यात पाणी जाणार नाही. मग रेग्युलेटर स्वच्छ पाण्यात भिजत ठेवायची. गाळाच्या पाण्यात उतरला असेल तर दुसरा टप्पा उघडायची. पडदा, तरफ, झडप पुसायची. तरफेची उंची मोजायची. रबराला तेल कधीही लावलं नाही. आपल्याकडे जो येतो तो शेंगदाण्याचं तेल सुचवतो. त्याने रबर फुगतं. सावलीत वाळवायची. शेवटी सिलिंडर बंद ठेवून तोंडाने श्वास ओढून पाहायची. काही येता कामा नये. थोडी जरी हवा आत आली तरी झडप गळते आहे असं समजायचं.

ही तपासणी झाली की मी तोंडात धरायच्या भागावर पांढरं फडकं बांधायची. गाठ आबांच्या जाळ्याची. खात्यात ती कुणाला येत नाही. फडक्यावर ती गाठ दिसली म्हणजे यंत्र तपासून झालेलं आहे आणि नंतर कुणी हात लावलेला नाही. मग उतरण्याआधी पुन्हा श्वास ओढून पाहायची गरज नाही, असा नियम होता. नियम माझा होता. अभिमन त्यावरूनही बोलायचा. "अक्का, तू यंत्रना शेंबूड पुसस तसा मन्हा कधी पुसा नई."

त्या दिवशी गाठ होती. मी माझ्या हाताने सोडली.

तिसरा मुद्दा, त्याला तुम्ही मुंबईला बोलावत होता आणि मी अडवलं. मी अडवलं नाही. त्याला आईला सोडायचं नव्हतं. हे तुम्हाला त्याने स्वतः सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही चिडाल म्हणून तो माझं नाव पुढे करायचा. मी करू दिलं.

तेराव्याला तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "हिनेच मारला त्याला." आईने ते ऐकलं आहे आणि तिला ते पटलं आहे. त्या दिवसापासून ती माझ्या हातचा चहा घेत नाही. एका खोलीत दोन चुली आहेत. तुमचं काम झालेलं आहे. वर्षश्राद्धाला ते पुन्हा करायची गरज नाही.

वच्छला


धुळे, १ ऑक्टोबर १९७४

ती. भाऊ,

तुम्ही गोदीतला जाणकार मित्र घेऊन येणार आणि आईला समोर बसवून रेग्युलेटर उघडून दाखवणार, असं परवाच्या पत्रात आहे. चौकशीनंतर तो कर्मशाळेच्या कपाटात पडून आहे. तुम्ही मागितलात तर साहेब देतीलही. तुमचा मित्र खरोखर जाणकार असेल तर त्याला झडपेच्या कडेला एक बारीक खाच दिसेल. मग तो विचारेल की ही कशाने पडली. आई समोर असेल.

म्हणून आता सातवं कलम पूर्ण करते. हे वाचून झाल्यावर फाडून टाका.

कर्मशाळेत खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते. लेथला हळदकुंकू, भात्याला हार, पान्यांवर फुलं. दिवे लागतात, नारळ फुटतो. रेग्युलेटरला कुंकवाची धूळसुद्धा चालत नाही. म्हणून मी तो आदल्या दिवशी तपासला, फडकं बांधलं आणि मुद्दाम घरी आणला. लाकडी पेटीत घालून फळीवर ठेवला. सुट्टी संपल्यावर अभिमन घरूनच ट्रकने धरणावर जाणार होता, तेव्हा तेही सोयीचं होतं. नवमीला मी कर्मशाळेत होते. तिथल्या पूजेला हजर राहावं लागतं.

चौकशी संपल्यावर यंत्र परत आलं. चौकशीचे लोक ते मुंबईच्या तज्ज्ञाला दाखवणार होते, दाखवलं नाही. सील काढून ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि 'नोंद करून घ्या' म्हणाले. मी दुसरा टप्पा उघडला. पडदा ठीक होता. तरफ ठीक होती. तळाच्या झडपेखाली, कडेला, तांदळाचा एक दाणा होता. फुगलेला. एका बाजूला पिवळसर लाल.

तो तिथे कसा आला ते मला कळेना. डबीत काही पडायचं तर तोंडाच्या भागातूनच पडणार, आणि त्यावर माझी गाठ होती. कर्मशाळेतल्या प्रत्येकावर मी मनात संशय घेतला. निंबा मिस्त्रींवरसुद्धा. त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं, ते त्यामुळेच असावं.

संक्रांतीच्या सुमाराला शेजारच्या लताबाई आईजवळ बसल्या होत्या. आई तांदूळ निवडत होती. मी पलीकडे पाणी भरत होते. आई त्यांना सांगत होती, मला ऐकू जावं अशा आवाजात.

"बठ्ठास्ना यंत्रेस्नी पूजा व्हयनी, मन्हा अभिमनना यंत्रनी काबरं नई? मी पाटवर मांडं. हळदकुंकू लायं. त्यानं फडकं सोडं ते मझार तोंड. ज्याले तोंड शे त्याले घास देना पडस, बहीण. पोयाना सणले बैलले देतस तसा. चार अक्षता तोंडमा घाल्या, पाया पडनू, परत बांधी ठेवं."

लताबाई म्हणाल्या, "चांगलं करं माय."

"मंग? देव काय करी? मी ते घास बी दिधा व्हता. यंत्रच ह्या पोरीनी बिघाडी टाकं."

जाळ्याची ती गाठ मी आबांकडून शिकले नव्हते, भाऊ. आईकडून शिकले होते. आबा मासे आणायचे, जाळी आईच विणायची. हे माझ्या नियमात धरलेलं नव्हतं. त्या सकाळी धरणावर मी फडकं हातात घेतलं, गाठ पाहिली, ती माझी समजून सोडली आणि यंत्र त्याच्या हातात दिलं.

पुढचं तुम्हाला कळेल. सिलिंडर उघडा असला की पाण्याबाहेर श्वास नीटच येतो, काही लक्षात येत नाही. दाणे डबीत सुटे पडलेले असणार. तो श्वास सोडायला लागला तसे काही बाहेर उडाले असतील. एक झडप आणि तिच्या बैठकीच्या मधे बसला. मग प्रत्येक श्वासाबरोबर पाणी.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, तीही लिहिते. दोन नळ्यांचा रेग्युलेटर घेतला असता तर त्याची झडप पाठीवर असते. दाणे बहुधा नळीच्या पहिल्या घडीतच अडकले असते. तो कदाचित वाचला असता. तेव्हा तुमची निवड बरोबर होती. तुम्ही दिलेली कारणं मात्र वेगळी होती.

दाणा मी पांझरा नदीत सोडला. पुरावा काही नाही. तुम्हाला माझ्या शब्दावर विसंबावं लागेल, किंवा विसंबू नका.

आईला यातलं काहीही माहीत नाही. मित्राला आणू नका.

वच्छला


धुळे, ११ ऑक्टोबर १९७४

ती. भाऊ,

तुमचं पत्र काल आलं. मायन्यात 'चि. वच्छीस' असं लिहिलं आहे. बरीच वर्षं तसं कुणी लिहिलं नव्हतं. पत्र मी कचेरीत वाचलं आणि नंतर पुन्हा वाचलं.

तेराव्याला बोललात त्याचं तुम्हाला वाईट वाटतं, हे पोचलं. त्याबद्दल पुन्हा लिहू नका.

पण पुढे जे लिहिलं आहे त्याने मला भीती वाटली. "तू वर्षभर उगाच सोसलंस. मी येऊन आईला सगळं नीट सांगतो. समजावून सांगितलं की तिला कळेल, मुद्दाम तर केलं नाही ना तिने. तुझ्यावरचा डाग मी लावला, मीच पुसणार." तुम्ही रागात होता तेव्हा मी तुम्हाला थोपवू शकत होते. आता तुम्ही माझ्या भल्यासाठी येता आहात, तर काय करावं ते कळत नाही.

आई कशी आहे ते तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून लिहिते. अभिमन गेला तेव्हा सुरुवातीला ती उठतच नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मी पेज करून ठेवायची, ती तशीच राहायची. लताबाईंनी हात टेकले होते. मग तेराव्याला तुम्ही दारात ते वाक्य बोललात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पुढे ठेवला. तिने तो कप उचलून मोरीत ओतला, उठली, आणि स्वतःची चूल पेटवली. पीठ मळलं. भाकरी थापली. माझ्या हातचं खायचं नाही म्हणून तिला स्वतः करावं लागलं, आणि केलं म्हणून ती जेवली.

तेव्हापासून रोज उठते. मला ऐकू जाईल असं भांडं आपटते. येणाऱ्या प्रत्येकीला सांगते, "शिकेल पोर, पन हातमा काही नई." मागच्या महिन्यात मला ताप होता. तिने पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि म्हणाली, "मरू नको. तुन्हा हिशेब बाकी शे." मी पाणी प्यायले. भाऊ, तिला हा राग पुरतो आहे. तिच्याकडे दुसरं काही नाही. तुम्ही तो काढून घेतलात आणि त्या जागी चार अक्षता ठेवल्यात तर ती भाकरी कशासाठी थापेल? समजावून सांगितल्याने काय होतं ते मला माहीत आहे. मला झडप समजलेली आहे. सगळं अगदी नीट समजलेलं आहे, आणि मला झोप येत नाही.

तुम्ही म्हणाल, तुझं काय. मी सत्तावीस वर्षांची आहे, नोकरी आहे, कर्मशाळेत माझं काम चालू आहे. उतरण्याआधी दर वेळी, कुणीही बांधलेलं असो, श्वास ओढून पाहायचा, असा नियम मी लेखी करून घेतला आहे. नवा माणूस घेतला आहे, तो तपासणी केल्याशिवाय पायरी उतरत नाही. मला एवढं करता येतं. घरातलं मी निभावते.

हा निश्चय एकदाच मोडणार होते, तेही लिहिते. परवा आई चुलीपुढे बसून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "औंदा खंडेनवमीले कसानी पूजा करू? घरमा हत्यारच नई ऱ्हायनं." मी तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, "माझी मोजपट्टी आणते." ती म्हणाली, "तुन्ही नको." तरी मी ती आणणार आहे आणि फळीवर ठेवणार आहे. तिने पूजा केली नाही तरी चालेल.

तेव्हा माझं मागणं असं आहे. तुम्ही वर्षश्राद्धाला या. मित्र नको. आईने विषय काढला, आणि ती काढेलच, तर तुम्ही आतापर्यंत जे म्हणत आलात तेच म्हणा: वच्छलाने यंत्र चुकीचं निवडलं, नीट साफ केलं नाही. चारचौघांत म्हणा. आवाज उतरवू नका, माझ्याकडे दयेने पाहू नका. आई माणसाचं तोंड चटकन वाचते. मी उत्तर देणार नाही. तुम्हाला ते जड जाणार असेल, तुमच्याने खोटा राग निभणार नसेल, तर येऊ नका. रजा मिळाली नाही असं कळवा. तुम्ही न आल्याचं तिला दुःख होईल, पण ते तिला झेपेल.

या दोहोंपैकी काय करणार ते कार्डावर एका ओळीत लिहा. कारण लिहू नका. कार्ड घरच्या पत्त्यावर पाठवू नका, आईची पत्रं लताबाई वाचून दाखवतात. कर्मशाळेच्या पत्त्यावर, माझ्या नावाने पाठवा. ते मला वीस ऑक्टोबरपर्यंत मिळालं पाहिजे.

वच्छला